सतरा सप्टेंबरची मानवंदना

मन्या,

मंगळवारी सकाळी सव्वानऊला तुझ्या थोरल्याचा फोन आला, की पप्पा गेले. मी त्याला म्हणालो, डॉक्टरला पुन्हा एकदा नीट बघायला सांग. तो म्हणाला, काका, बघितलं. मी म्हणालो, मग दुसऱ्या डॉक्टरला दाखव. पोरगं बिचारं स्वतःचं रडणं सोडून मलाच समजावत बसलं. माझ्या घरापासून तुझं घर चालत सात मिनिटांवर. मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. वहिनींनी नंतर सांगितलं की माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची.

तू ओट्यावर बूट पॉलिश करत बसला होतास म्हणे. एक झाला होता, दुसरा हातात होता. छप्पन्न वर्षांचा माणूस, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारा, जन्मात कधी तंबाखूला बोट न लावलेला. आणि मी साखर, ब्लडप्रेशर, दोन स्टेंट घेऊन इथं बसून हे लिहितोय. आपलं ठरलं होतं की मी आधी जाणार आणि खांदा देताना तू सगळ्यांना कदम मिळवून चालायला लावणार. तू बोललेला शब्द मोडलास असं एवढं एकदाच झालं.

तुमच्यात माणसाला बसवून नेतात, बसवूनच माती देतात, हे मला लहानपणापासून माहीत. तुझ्या अप्पांना तसंच नेताना मी पाहिलं होतं. तरी तुला भिंतीला टेकवून बसवलेला पाहिला, कपाळावर भस्म, गळ्यात हार, आणि मला वाटलं, आता हा डोळे उघडणार आणि म्हणणार, "कामून गर्दी केली बे?" स्वामी मंत्र म्हणत होते आणि मी तुझ्या पापण्यांकडे टक लावून बसलो होतो. मातीची पहिली मूठ पडेपर्यंत मी वाट बघितली, खोटं नाही सांगत.

तुझं फौजेतलं सगळं पेपरात आलंय. शिपाई म्हणून भरती झालास, मानद कॅप्टन म्हणून परतलास, कुठं कुठं होतास, छातीवर काय काय होतं. ते मी लिहीत नाही. मला युसूफ वडगावचा मन्मथ माहीत आहे, किराणा दुकानात गुळाच्या ढेपेवर बसून गणितं सोडवणारा. भरतीला निघालास तेव्हा अख्खी पेठ हसली होती. वाण्याचं पोरगं बंदूक धरणार का तराजू, असं म्हणून. मीही हसलो होतो. पहिल्या सुट्टीला काळी ट्रंक घेऊन आलास तेव्हा हसणाऱ्यांत सगळ्यात आधी तुझ्या घरी चहाला पोचणाराही मीच होतो. माझा स्वभाव तेव्हापासून असाच.

आणि हो, चौकात बॅनर लागलंय. तुझा गणवेशातला फोटो, खाली "शिस्तीचा महामेरू हरपला" आणि त्याच्या खाली हात जोडलेले आमचे आमदार, अण्णांचे जावईबापू. मन्या, मी पाच मिनिटं त्या बॅनरखाली उभा राहिलो. रस्त्यानं जाणारा एक जण म्हणाला, लई चांगला माणूस व्हता. मला कळेना तो कुणाबद्दल बोलतोय.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. नेकनूरबाहेरच्या माळावर आमची सैनिकी शाळा. अण्णांनी काढलेली. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, पांढरं धोतर, खणखणीत आवाज, पंचक्रोशीतल्या निम्म्या नोकऱ्या त्यांच्या हातच्या. तू फौजेतून परत आलास तसे ते स्वतः तुझ्या घरी आले आणि म्हणाले, कॅप्टन, आता माझी पोरं घडवा. तू कमांडंट झालास. मी तिथं आधीपासून मुख्य लिपिक होतो. फाटकाच्या आत मी तुला साहेब म्हणायचो आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या मन्या. तू दोन्हीला सारखीच मान हलवायचास.

आपलं भांडण एकच, आणि ते कधी मिटलं नाही. आमच्या कचेरीत एक चाल होती. सणाच्या किंवा झेंड्याच्या आदल्या दिवशी वाईट पत्र आलं, कुणाचा मेमो, कुणाची बदली, तर ते मी आवक रजिस्टरात चढवायचो नाही. टेबलाच्या खणात ठेवायचो. माणसाला सण गोड जाऊ द्यायचा, मग दुसऱ्या दिवशी नंबर टाकून हातात द्यायचं. हे माझ्या आधीच्या हेडक्लार्कपासून चालत आलेलं आणि सगळ्या स्टाफला माहीत. लोक मला त्याबद्दल दुवा द्यायचे. एका पोळ्याला मी आपल्या स्वयंपाक्याची बदली अशीच दाबून ठेवली आणि तुला कळलं. तू रागावला नाहीस, पण दार लावून घेतलंस. म्हणालास, "सर्ज्या, फौजेत घरून वाईट तार आली की त्याच घटकेला देतेत. जेवत असला तरी देतेत. दुसऱ्याचं दुःख आपल्या खिशात ठिवायचा हक्क न्हाई आपल्याला." मी म्हणालो, साहेब, ही फौज नाही, हा बीड जिल्हा आहे. इथं माणुसकीवर चालतं. तू म्हणालास, बघू. ते बघायचं राहूनच गेलं.

मग विधानसभेला अण्णा एका बाजूला आणि त्यांचे जावई दुसऱ्या बाजूला. लोक त्यांना आधीपासून जावईबापूच म्हणायचे, जिंकून आले तरी तेच नाव राहिलं. निकालानंतर झाडू फिरायला लागला. आधी दूध संघ, मग सोसायटी, मग बाजार समिती. रोज सकाळी कळायचं, आज कोण गेलं. पाटोद्याच्या आमच्या हायस्कुलातल्या हेडमास्तरला तर परिपाठ चालू असताना खाली उतरवलं. तुला माहीतच आहे, आमच्याकडे माणूस काय करतो हे कुणी विचारत नाही, कुणाचा आहे ते विचारतात. तुलाही विचारलं, भर बाजारात, जावईबापूंच्या माणसानं. तू म्हणालास, "मी कुनाचाच न्हाई. मी शाळेचा हाय." मी मागं उभा होतो.  कुणाचाच नसलेला माणूस आमच्याकडे सगळ्यात आधी जातो.

सोळा सप्टेंबरला तू संध्याकाळी पाच वाजता नवा झेंडा आणायला बीडला गेलास. त्यानंतर संस्थेच्या मुख्य कार्यालयातून गनीभाई शिपाई टपाल घेऊन आले. कार्यकारिणी बदलली, आजपासून अध्यक्ष जावईबापू, सर्व शाखाप्रमुखांनी नोंद घ्यावी. मी टपालवहीत सही केली, वेळ टाकली. त्याच दिवशी दुपारी अण्णांचा फोन येऊन गेला होता, की उद्या झेंड्याला येतो, गेल्या वर्षीसारखं भाषण लांबवणार नाही. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी त्या माळावर झेंडा दुसऱ्या कुणी लावलाच नव्हता. मला त्यांची दया आली. पत्र खणात गेलं.

सकाळी दोघंही आले. अण्णा एकटे, काठी टेकत. जावईबापू चार गाड्या घेऊन, पुढच्या सोफ्यावर. त्यांना वाटत होतं पत्र पोचलंय. तुला काहीच माहीत नव्हतं. तू मैदान कापत निघालास, बूट नेहमीसारखे वाजत होते, आणि पाहुणे उठायच्या तयारीत असताना तू त्यांच्या समोरून सरळ अण्णांपुढं जाऊन थांबलास. कडक मानवंदना दिलीस. म्हणालास, "परेड निरीक्षणासाठी तयार आहे, श्रीमान." जावईबापू सोफ्यावरून अर्धे उठलेले. सातशे पोरं, त्यांचे आईबाप, सरपंच, पत्रकार, सगळ्यांनी पाहिलं. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मला तेव्हा चांगलं वाटलं, मन्या. दोन मिनिटं मला फार चांगलं वाटलं.

त्या मानवंदनेवरून तुझ्यावर चौकशी समिती बसली. चौकशीच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी मला बोलावलं. धमकी वगैरे काही नाही. चहा पाजला, माझ्या स्टेंटची चौकशी केली. टेबलावर माझ्या पोरीची फाइल होती. ती त्यांच्याच प्राथमिक शाळेत लागली होती, कायम व्हायची होती. फाइल त्यांनी उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. म्हणाले, पत्र कॅप्टनला पोहोचलं होतं, एवढंच सांगायचं. मी म्हणालो, बघतो. आणि घरी येऊन बायकोला म्हणालो की माझ्यापुढं दुसरा रस्ताच नाही. तिनं काही विचारलंही नव्हतं.

समितीपुढं तू उभा होतास. बसा म्हटलं तरी बसला नाहीस. तू एवढंच सांगितलंस की अध्यक्ष बदलल्याचं लेखी मिळालं नव्हतं, मिळालं असतं तर नव्या अध्यक्षांना मानवंदना दिली असती, माणूस आवडो न आवडो. मग माझ्याकडे वळून साहेबी आवाजात विचारलंस, पत्र आलं होतं का. मी कागदाकडे बघून म्हणालो, "दुपारी साहेब कचेरीत असतानाच त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं." तू टोपी घातलीस आणि बाहेर गेलास. मी जबाबावर सही केली आणि आवक रजिस्टरात वरच्या दोन ओळींच्या मध्ये जागा करून नोंद बसवली.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. जाणूनबुजून अवमान केला म्हणून करार रद्द. ऑफिसच्या भिंतीवरच्या फलकावर तुझं नाव होतं, त्यावर पांढरा रंग मारला. उन्हात तो रंग सुकल्यावर नाव पुन्हा खालून दिसायला लागलं, म्हणून दुसरा हात मारला. तुला कुणी सलाम करायचा नाही असा तोंडी हुकूम निघाला. फाटकावरचा सोपानराव तुझ्याच पलटणीतला. तू रस्त्यानं जायला लागलास की तो भिंतीकडे तोंड करून बिडी शोधत राहायचा. तो बिडी ओढत नाही. माझी पोरगी महिन्याभरात कायम झाली. पेढे द्यायला तुझ्याकडे आली, तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास.

तू बीडला वकील लावलास तेव्हा मला झोप लागत नव्हती. मग एक दिवस कळलं, तू केस मागं घेतलीस. लोक म्हणाले, बघा, चूक त्याचीच असणार. मी गप्प बसलो. मला एवढं हलकं वाटलं की मी त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवलो.

आता ऐक, शनिवारी काय झालं ते. तुला जाऊन चार दिवस झाले होते. वहिनींनी बोलावलं म्हणून गेलो. त्यांनी आतून एक फाइल आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. वर केसचे कागद. त्यांच्या खाली एक झेरॉक्स. गनीभाईंच्या टपालवहीचं पान. तारीख सोळा सप्टेंबर, वेळ सायंकाळी सहा दहा, आणि समोर माझी सही, माझ्या हातची, लांब शेपटीची. सहा दहाला तू बीडच्या दुकानात झेंड्याची घडी तपासत होतास, पावती जोडलेली आहे.

पान माझ्या हातातून खाली पडलं. वहिनींनी उचललं.

"वकील म्हनला व्हता, ह्या एका कागदावर सा महिन्यांत परत खुर्चीवर बसताल," त्या म्हणाल्या. "गनीभाईनं पंधरा दिसांत आनून दिलता. ह्यांनी कोर्टात दिलाच न्हाई."

मी विचारलं, का. 

"मला म्हनले, सर्ज्या यिऊन सांगंल. त्यो सांगंल, मंग बघू काय करायचं ते."

तीन वर्षं, मन्या. तीन वर्षं दर रविवारी मी तुझ्या ओट्यावर येऊन बसलो. तुला ठाऊक होतं आणि तू मला खुर्ची सरकवून देत होतास. मी काय काय बोललो असेन तुझ्याशी. पीकविमा, कारखान्याचा बॉयलर, माझे गुडघे, कुणाच्या पोरानं कुणाशी पळून जाऊन लग्न केलं. मध्येच तू गप्प व्हायचास आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचास. मला वाटायचं हा म्हातारा व्हायला लागला. एकदा तर तू सरळ म्हणालास, तुझ्या मनात काही असलं तर बोलून टाकत जा, छातीत ठेवू नको, तुला दोन स्टेंट आहेत. मी हसलो आणि म्हणालो, माझ्या मनात काय असणार.

तू मला एक थोबाडीत का नाही दिलीस? फौजेतला हात होता. युसूफ वडगावला लहानपणी एका गोटीवरून दिली होतीस, दात हलला होता. चारचौघांत कॉलर धरली असतीस तर मी रडत कबूल झालो असतो, मला माझी जात माहीत आहे. मला तुझा राग येतो. तुझ्या त्या शिस्तीचा, त्या वाट बघण्याचा. तू शाळा घालवलीस, नाव घालवलंस, सोपानरावाला भिंतीकडे बघायला लावलंस, एवढ्यासाठी की मी आपल्या पायांनी चालत यावं? मी तसा माणूस नाही हे तुला सहावीपासून ठाऊक होतं. की तुला ठाऊक नव्हतं? तू खरंच मानत होतास का, की मी येईन? ह्या एका प्रश्नानं मला शनिवारपासून अन्न गोड लागत नाही.

आणि वहिनी. त्यांना विचारलं, तुम्हालाही माहीत होतं?

"पयल्या दिसापासून," त्या म्हणाल्या. "दर आयतवारी तुमाला चहा दिला, भाऊजी. साखर कमी घालून. कपात काय घालावं वाटत व्हतं ते माझं मला ठाऊक."

हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तसं. मग माझ्यासाठी पाणी आणलं.

मी रविवारी घरी पोरीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, मी पेढे घेऊन गेले होते हो काकांकडे. एवढंच. आज दोन दिवस ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही.

परवा शाळेच्या मैदानावर तुझी शोकसभा आहे. जावईबापू अध्यक्ष. तुझा बालमित्र म्हणून पहिलं भाषण माझं ठेवलंय. मी ठरवून टाकलं. आज सकाळी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, परवा माईकवर सगळं सांगणार, जावईबापूंच्या तोंडावर, काय व्हायचं ते होऊ दे. नोकरी गेली तर गेली, दोन वर्षं राहिलीत. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. मनात कुठंतरी असंही वाटलं असेल की त्या डोळे पुसतील आणि मला माफ करतील.

त्या गहू निवडत होत्या. सुपातून नजर न उचलता म्हणाल्या, "बोला की. बोलायलाच पायजे. लोक टाळ्या वाजवतेल, म्हनतेल, कबूल केलं बगा, केवढ्या मनाचा माणूस. पर त्यांना सभंत न्हवतं ऐकायचं, भाऊजी. तुमच्या एकट्याच्या तोंडून ऐकायचं व्हतं."

मी उठलो आणि सरळ इकडे आलो. तुझ्या मातीवर बेलाची पानं सुकून गेलीत, बाजूला कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवलाय. दुपारचं ऊन आहे, माणूस कुणी नाही. वहीत हे सगळं लिहीत बसलोय. बसल्या जागी चार पानं भरली आणि आत्ता वाचून बघतो तर गोल गोल फिरलोय, पत्र खणात गेलं, जबाब झाला, नोंद बसली, जणू ते सगळं आपोआप झालं. परवा माईकवर बोलीन, लोकांनी टाळ्या वाजवू नयेत म्हणून आधीच सांगीन. पण ते परवा. आज तुझ्यासाठी आलोय. वही मिटतो आणि तोंडानं सांगतो, तू बसला आहेस त्याच बाजूला तोंड करून.

मन्या, पत्र तुला मी दिलंच न्हवतं. ते माझ्यापाशी व्हतं, आन् मी खोटं बोललो.